जुना सीडी प्लेअर सुधारायचाय: कंडेन्सर, ऑप-अँप, क्लॉक की बाहेरचा डॅक?

प्लेअर वीस वर्षांपुढचा असेल तर पहिला खर्च कंडेन्सरवर (म्हणजेच कपॅसिटरवर) करा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमधला द्रव वाळत जातो, ईएसआर (आतला विद्युतरोध) वाढतो आणि सप्लायचा रिपल (डीसीत उरलेली लहर) ऑडिओ भागात उतरतो. व्होल्टेज मूळ इतकं किंवा एक पायरी जास्त, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा माल, क्षमता मूळच्या दीडपटीपर्यंतच. २२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० घातलात, तर चालू करताना डायोडवर येणारा करंटचा झटका त्याला झेपेलच असं नाही. आउटपुटला मात्र ४.७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पुरतो: पुढे १० किलोओहमचा अँप्लिफायर असला तरी बेस साधारण ३.४ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. अडचण फक्त आकाराची, बोर्डावर जागा मोजून मगच विकत घ्या.

काम सुरू करण्याआधी आरसीए सॉकेट आणि आतले कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत ते काळवंडतातच, आणि ते आधी पुसले नाहीत तर नंतर फरक कशाने पडला हे सांगता येत नाही.

ऑप-अँप (आवाजाचा सिग्नल हाताळणारी अँप्लिफायर चिप) बदलणं स्वस्त, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आत ४५५८ असेल तर एनई५५३२ बसवून खरा फायदा होतो. ५५३२ आधीच असेल, तर ओपीए२१३४ किंवा एलएम४५६२ ने पडणारा फरक फार थोडा. शिवाय एलएम४५६२ ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ. जुन्या बोर्डावर तो सहज ऑसिलेट होतो (आपोआप थरथरू लागतो), चिप तापते आणि आवाज कर्कश होतो. पिन ४ आणि ८ मध्ये, सॉकेटच्या अगदी खाली, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावाच. सप्लायही आधी मोजा: एकेरी ५ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डावर ५५३२ नीट चालत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खऱ्या मालासोबत नाव बदललेल्या चिपाही मिळतात. आउटपुट मोकळा ठेवून ±१५ व्होल्टवर करंट मोजा. ५५३२ साधारण ८ मिलिअँपिअर घेतो, ४५५८ त्याच्या निम्म्याहून कमी. आकडा ३ च्या आसपास आला तर चिप परत करा.

क्लॉक (प्लेअरचा ठेका ठरवणारा भाग) बदलणं आमच्या मते सर्वांत शेवटी. जुना क्रिस्टल आणि त्याचे दोन छोटे कपॅसिटर काढून ११.२८९६ किंवा १६.९३४४ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल (जे मूळ असेल तेच) बसवायचं, स्वतंत्र रेग्युलेटरवर, वायर ५ सेंटिमीटरच्या आत. लांब वायर टाकली की जिटर (क्लॉकच्या ठोक्यांतली अनियमितता) कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. कष्ट बरेच, आणि ऐकू येणारा फरक बहुतेक प्लेअरांत नगण्य.

प्लेअरला कोअॅक्सियल डिजिटल आउटपुट असेल, तर चांगला बाहेरचा डॅक (डिजिटल सिग्नलचं अॅनालॉग आवाजात रूपांतर करणारं यंत्र) आणि ७५ ओहमची केबल हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पण मग ऑप-अँप आणि आउटपुट कपॅसिटरवर एक रुपयाही घालू नका, सिग्नल तिथून जाणारच नाही.

याला एकच अपवाद: आत फिलिप्सची टीडीए१५४१ए ही डॅक चिप असेल तर ती सांभाळा. तिच्या पिन ७ ते १३ आणि १८ ते २४ वरचे १४ डीकपलिंग (गोंगाट गाळणारे) कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड फिल्मचे करा, पाय आखूड ठेवा. त्या चिपवर तेवढी मेहनत सार्थकी लागते.

सीडी अडकत असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. आधी लेन्स साफ करा. पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) सोडवायचा झालाच तर मनगटी अर्थिंग पट्टा बांधा आणि केबल काढण्याआधी लेझरचा शॉर्टिंग पॉइंट सोल्डरने जोडा. स्टॅटिकने लेझर डायोड उडतो.