अंधेरीतलं 'दृष्टिभ्रम' सिम्युलेटर सेशन: अप्रोचसाठी उत्तम, टेक-ऑफमध्ये तोकडं

रात्रीच्या अप्रोचला, म्हणजे उतरण्यासाठी रनवेकडे येताना, डोळे फसवतात हे ग्राउंड क्लासमध्ये सगळेच पाठ करतात. पटतं ते सिम्युलेटरमध्ये. अंधेरी पूर्वेच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये खास यासाठी दोन तासांचं सेशन मिळतं. कॉकपिट एअरबसचं, पण जागेवरच स्थिर, न हलणारं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हाती आलेल्या मुलामुलींनी ते नक्की करावं.

सगळ्यात चांगला भाग 'ब्लॅक होल' अप्रोचचा. मुंबईचा रनवे ०९ (समुद्रावरून पूर्वेकडे उतरण्याचा), अमावस्येची रात्र, दृश्यता १० किलोमीटर, आयएलएस (रेडिओवरून उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा) आणि पॅपी (उंची बरोबर आहे का ते सांगणारे रनवेशेजारचे चार लाल-पांढरे दिवे) दोन्ही बंद. विमान १० मैलांवर ३,००० फुटांवर सोडतात. खाली काळा समुद्र, समोर पार्ले-अंधेरीचे दिवे, मध्ये नजर ठरेल अशी एकही खूण नाही. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं आणि नाक आपोआप खाली जातं. १९६०च्या दशकात बोइंगच्या कॉनराड क्राफ्टनं सिम्युलेटरवर नेमकं हेच दाखवलं होतं: अंधारावरून उजळलेल्या शहराकडे येताना अनुभवी पायलटही खाली घसरतात. इथले इन्स्ट्रक्टर मध्ये एक शब्द बोलत नाहीत. ३ मैलांवर गुपचूप पॅपी लावतात. दोन पांढरे, दोन लाल दिसायला हवेत; दिसतात चारही लाल, म्हणजे आपण फार खाली. मग स्क्रीनवर उतरण्याची रेघ दाखवतात. सरळ तिरकी हवी ती रेघ मध्येच झोळासारखी खाली लोंबलेली असते.

दुसऱ्या फेरीत उपाय येतो, आणि तो निव्वळ आकड्यांचा आहे. ३ अंशांच्या उतारावर दर मैलाला साधारण ३०० फूट: ५ मैलांवर १,५००, ३ मैलांवर ९००. ग्राउंड स्पीडला, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं नॉट्समधल्या वेगाला, ५ नं गुणलं की उतरण्याचा वेग मिळतो. १४० नॉट्सला मिनिटाला ७०० फूट. अंतर आणि उंची मोठ्यानं म्हणत आलं की रेघ सरळ होते. भ्रम मात्र तसाच राहतो, कारण तो माहितीनं जात नाही. हे मनावर ठसवणं हीच या सेशनची खरी किंमत.

रुंदीचा धडाही बरा घेतात. ०९/२७ (एकच पट्टी, दोन टोकांचे दोन आकडे) हा ६० मीटर रुंद, १४/३२ हा ४५. फ्लाइंग क्लबच्या अरुंद पट्टीवर शिकलेल्याला रुंद रनवे जवळ आल्यासारखा वाटतो. तो फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणं) लवकर करतो, विमान तरंगतं आणि मग आदळतं. अरुंद रनवेला उलट: उंच असल्याचा भास, म्हणून अप्रोच खाली. चढत्या उताराच्या रनवेलाही तसंच होतं. जुहूचा प्रसंग धुरकट हवेत दाखवतात, हे विशेष आवडलं. जुहूची पट्टी जवळजवळ त्याच दिशेची, सांताक्रूझच्या मुख्य विमानतळाच्या अगदी अलीकडे. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून तिथेच उतरलं. डीसी-८ तर पट्टी ओलांडून पुढे गेलं. मुंबईत शिकणाऱ्यानं हा प्रसंग चुकवू नये.

पावसाचं दृश्य कच्चं आहे. काचेवरच्या पाण्यानं रनवे खाली असल्यासारखा दिसतो, आपण उंच वाटतो. इथे काचेवर नुसत्या रेघा ओघळतात, तो भास होतच नाही.

मोठी उणीव टेक-ऑफची. रनवे २७ वरून, म्हणजे त्याच पट्टीवरून पश्चिमेकडे, रात्री उठलं की काही क्षणांत खाली समुद्रच. मच्छीमार बोटींचे दिवे ताऱ्यांत मिसळतात, किनाऱ्याच्या दिव्यांची तिरकी रांग क्षितिज वाटते. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे ७४७ इथूनच उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं; २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं, विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं आणि बाहेर पडताळून पाहायला क्षितिज नव्हतं. या सेशनमध्ये त्यासाठी शेवटची जेमतेम दहा मिनिटं आहेत, आणि यंत्र बिघडवून दाखवतच नाहीत. ज्या शहरात हे घडलं तिथे एवढं कमी चालणार नाही.

बुकिंग करतानाच सांगा: रुंदीच्या एका फेरीऐवजी २७ वरून रात्रीचा टेक-ऑफ हवा, आणि ५०० फुटांनंतर कॅप्टनचं होरायझन (तेच कल दाखवणारं यंत्र) फेल करा. तुमच्या बाजूचं, शेजारचं आणि स्टँडबाय (राखीव) अशी तिन्ही ताडून, दोन जुळतात त्यांवर उडवायचा सराव तिथे होईल. निघताना ब्लॅक होलच्या दोन्ही फेऱ्यांच्या रेघांची प्रिंट मागून घ्या; मागितली तरच देतात.