न्यूयॉर्कची धूळ, गोव्यातला थायरॉईड: उपचार कुठे, भरपाई कुठून?

दादाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, गळ्यावरची गाठ सगळ्यात आधी लक्षात आली ती फोंड्यातल्या त्याच्या न्हाव्याच्या. दाढी करता करता वस्तरा बाजूला धरून त्याने विचारलं, "हांगा कितें जालां?" महिन्याभरात सुई घालून तपासणी झाली आणि रिपोर्टवर 'पॅपिलरी कार्सिनोमा', म्हणजे थायरॉईडचा कर्करोग, असे दोन शब्द आले.

दादा २००१ साली न्यूयॉर्कला होता. न्यूजर्सीतल्या एका कन्सल्टन्सीने त्याला मॅनहॅटनमधल्या वॉटर स्ट्रीटवरच्या एका बँकेत कामाला लावलं होतं. ११ सप्टेंबरला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे पडले, १७ सप्टेंबरला शेअर बाजार पुन्हा उघडला, आणि १८ तारखेला तिथल्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी हवा श्वास घ्यायला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. दादा कामावर गेला. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. ऑफिसात रोज सकाळी कीबोर्डवर करडी भुकटी साचलेली असायची आणि तो रुमालाने ती पुसायचा. त्या भुकटीत काँक्रीट, काच, अ‍ॅस्बेस्टॉस, शिसं असं सगळं होतं, हे जगाला नंतर कळलं.

त्या वर्षांत तिथे असलेले आणि नंतर गोव्यात, कोकणात किंवा पुण्यात परतलेले मराठी लोक कमी नाहीत. कोणी हॉटेलच्या किचनमध्ये होते, कोणी शिकायला गेलेले, कोणी दादासारखे काँट्रॅक्टवर. त्यांच्यापैकी कोणाला आज थायरॉईडचा कर्करोग निघाला असेल, तर त्याच्यापुढे दोन अमेरिकन दारं आहेत आणि एक घरचं. गेल्या वर्षभरात ही तिन्ही दारं मी दादासाठी ठोठावली. काय कुठे मिळतं आणि काय मिळत नाही, ते इथे मांडते.

दोन दारं, दोन कामं

बहुतेकांचा पहिला घोळ इथेच होतो. वर्ल्ड ट्रेड सेंटर हेल्थ प्रोग्राम आणि सप्टेंबर ११ व्हिक्टिम कॉम्पेन्सेशन फंड या एकाच कचेरीच्या दोन खिडक्या नव्हेत. हेल्थ प्रोग्राम तिथल्या आरोग्य खात्याचा, फंड न्याय खात्याचा. दोन्हींचा अर्ज वेगळा, फाईल वेगळी, मुदतीही वेगळ्या. एकीकडे नाव घातलं म्हणजे दुसरीकडे आपोआप लागतं, असं धरून चालू नका.

हेल्थ प्रोग्राम उपचार देतो, पैसे देत नाही. तो २०११ च्या जानेवारीत सही झालेल्या झाड्रोगा कायद्यातून आला आणि २०१५ मध्ये त्याची मुदत २०९० पर्यंत वाढली. कर्करोग त्याच्या यादीत २०१२ च्या ऑक्टोबरपासून आहेत आणि थायरॉईडचा त्यात आहे. अट एवढीच, की धुळीशी आलेल्या पहिल्या संपर्कापासून निदानापर्यंत किमान अडीच वर्षं गेलेली असावीत. बहुतेक घट्ट गाठींच्या कर्करोगांना ही अट चार वर्षांची आहे. आपल्यासारख्यांची नोंद 'सर्व्हायव्हर' म्हणून होते, म्हणजे मदतकार्यात नसलेले पण त्या भागात राहणारे, शिकणारे किंवा काम करणारे. भाग कोणता, तर मॅनहॅटनमध्ये ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचा आणि ब्रुकलिनमधला त्या जागेपासून दीड मैलाच्या आतला.

फंड पैसे देतो, उपचार देत नाही. त्याचा भाग हेल्थ प्रोग्रामच्या भागापेक्षा लहान आहे: कॅनाल स्ट्रीटच्या दक्षिणेचं मॅनहॅटन, शिवाय ढिगारा वाहून नेण्याचे रस्ते, बार्जेस (मालवाहू होड्या) आणि स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स ही कचराभूमी. काळ ११ सप्टेंबर २००१ ते ३० मे २००२. त्यामुळे ह्यूस्टन आणि कॅनालच्या मधल्या गल्लीत काम करणारा माणूस एका दारातून आत जातो आणि दुसऱ्यावर अडतो. अर्ज भरायच्या आधी नकाशा उघडून त्या वेळच्या पत्त्यावर बोट ठेवून बघा.

दोन्हीकडे नागरिकत्व विचारत नाहीत. व्हिसा संपून परत आलेला माणूस तितकाच पात्र असतो. हे दादाला वीस वर्षं कोणी सांगितलं नाही. त्याचा समज असा, की हे सगळं अग्निशमन दलाच्या जवानांसाठी आहे.

गोव्यात राहणाऱ्याला हेल्थ प्रोग्रामचा उपयोग किती?

स्पष्ट सांगते, उपचारासाठी फारसा नाही. त्यांचे डॉक्टर अमेरिकेत आहेत आणि सेवा अमेरिकेतच मिळते. बांबोळीतल्या गोवा मेडिकल कॉलेजचं (गोमेकॉ) किंवा परळच्या टाटा रुग्णालयाचं बिल ते भरत नाहीत. थायरॉईडचा उपचार एका शस्त्रक्रियेवर संपत नाही. पुढे आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी, दर काही महिन्यांनी टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिनची तपासणी, मानेची सोनोग्राफी. त्यासाठी कोणी दरवेळी न्यूयॉर्कला जाणार नाही.

तरीही ते दार सोडू नका, कारण फंडाच्या कुलपाची किल्ली त्याच दारामागे आहे. आजार त्या धुळीशी जोडलेला आहे असं प्रमाणपत्र हेल्थ प्रोग्राम देतो, आणि फंड त्याच प्रमाणपत्रावर चालतो. खासगी डॉक्टरांमार्फत पडताळणीची एक वाट फंडाने ठेवली आहे, पण ती मोजक्याच परिस्थितींसाठी. आपण तीत बसतो का, हे त्यांच्या हेल्पलाइनला आधी विचारून घ्या. नाहीतर एकदा जाऊन तपासणी आणि कागद करून येणं हाच हिशेब.

एक गोष्ट मात्र मनाला दिलासा देणारी आहे. धुळीनेच कर्करोग झाला, हे रुग्णाला स्वतः सिद्ध करावं लागत नाही. त्या लोकांमध्ये थायरॉईडच्या गाठी जास्त सापडल्या त्या जास्त तपासण्या झाल्या म्हणून की धुळीमुळे, यावर संशोधक अजून वाद घालतात. कायदा त्या वादात रुग्णाला ओढत नाही. तुम्ही तिथे होतात, इतका वेळ होतात आणि आजार यादीत आहे, एवढं पुरतं.

पैशाची बाजू

कर्करोगाच्या यातनांपोटी फंड जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देऊ शकतो, कर्करोग नसलेल्या आजारांना ९० हजार. ही वरची मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. आजाराने कमाई बुडाली असेल तर ते नुकसान वेगळं मोजतात, पण त्याच आजारापोटी मिळणारी अपंगत्वाची पेन्शन वगैरे त्यातून वजा होते. खिशातून झालेला औषधोपचाराचा खर्च ते पाच हजार डॉलरच्या वर गेला तरच विचारात घेतात. गोव्यात सरकारी उपचार घेतलेल्याचा खर्च क्वचितच तिथवर जातो. त्यामुळे औषधांच्या चिठ्ठ्या जमवण्यात शक्ती घालवू नका, ती हजेरीच्या पुराव्यावर लावा.

वकील लावायचाच असेल तर त्याची फी मिळालेल्या रकमेच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, असा कायदा आहे. स्वतः भरलेल्या अर्जाला काहीच खर्च नाही. आमच्याकडे एक एजंट ३० टक्के मागत आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला.

आणि मुदत. दावा २०९० च्या ऑक्टोबरपर्यंत दाखल करता येतो हे वाचून लोक निवांत होतात. पण दाव्याच्या आधी नोंदणी लागते, आणि ती प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन वर्षांत व्हायला हवी. रुग्ण दगावला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांत. नोंदणी केली म्हणून दावा करायलाच हवा असं नाही आणि नोंदणीने कुठलाही हक्क जात नाही. दावा दाखल केल्यावर मात्र त्या घटनेवरून कोर्टात जाण्याचा हक्क सुटतो. म्हणून नोंदणी आजच, दावा विचार करून.

खरी अडचण: तिथे होतो हे दाखवायचं कसं

आमचे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. दादाच्या अमेरिकेच्या कर-कागदावर कन्सल्टन्सीचा न्यूजर्सीचा पत्ता होता. पगार न्यूजर्सीतून, घर न्यूजर्सीत, आणि बसायची खुर्ची वॉटर स्ट्रीटवर. कागद बघणाऱ्याला दादा मॅनहॅटनला कधी गेलाच नाही असं वाटावं. काँट्रॅक्टवर गेलेल्या प्रत्येकाला ही अडचण येणार. कन्सल्टन्सी केव्हाच बंद पडली आहे, पत्र देणार कोण?

मावशीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात दादाने तेव्हा घरी पाठवलेली पत्रं, फोटो, आणि तळाशी घड्या पडून पिवळ्या झालेल्या चार टाइमशीट. प्रत्येकीवर आठवड्याची तारीख, बँकेच्या मॅनेजरची सही, आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वॉटर स्ट्रीटचा पत्ता. एकावर तारीख होती २६ ऑक्टोबर २००१. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. "त्याची सही होती म्हणून ठेवलं," एवढंच ती म्हणाली.

तुमच्याकडे असा डबा नसेल तर भाड्याचा करार, वीजबिल, कॉलेजचं पत्र, कामावर झालेल्या अपघाताचा कागद, काहीही शोधा. शेवटी त्या वेळच्या दोन सहकाऱ्यांची नोटरी केलेली शपथपत्रं. ती लवकर घ्या, माणसं पांगतात आणि म्हातारीही होतात. हॉस्पिटलमधून हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) रिपोर्ट तर घ्याच, आणि त्या गाठीच्या नमुन्यांच्या स्लाइड व ब्लॉकही मागून घरी जपून ठेवा.

उपचार: गोवा की मुंबई?

कागदांसाठी शस्त्रक्रिया थांबवू नका. दादाने ते मनात आणलं होतं, "आधी तिथे दाखवतो, मग कापू दे." प्रमाणपत्राला रिपोर्ट लागतो, गळ्यातली गाठ तशीच असण्याची गरज नाही.

शस्त्रक्रियेसाठी माझं मत गोमेकॉच्या बाजूने आहे. घर जवळ, माणसं जवळ. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येतात, आवाज बसतो, तेव्हा भाषा कळणारी नर्स लागते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गाठ मोठी असेल, मानेतल्या ग्रंथींत पसरली असेल किंवा परत उद्भवली असेल, तर मात्र टाटा.

रेडिओआयोडीनसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन देण्याच्या उपचारासाठी, आम्ही परळच निवडलं. टाटाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं, आणि थायरॉईडच्या या उपचाराचा तिथला अनुभव मोठा आहे. मडगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई. आयोडीन-१३१ दिल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं, घरी आल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवावं लागतं. ते कसं जमवायचं, कोण कुठे झोपणार, हे जाण्याआधीच ठरवा.

सगळ्यात कठीण काय गेलं, तर त्याआधीचा कमी आयोडीनचा आहार. मासे नाहीत, आयोडीनचं मीठ नाही, समुद्राचं मीठही नाही, दूध आणि अंडी जेमतेम. गोव्यातल्या घरात पंधरा दिवस हुमण (माशाची आमटी) नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. वहिनीने त्या दिवसांत सगळ्या घरालाच मासे बंद केले. दादा पानावर बसून भात कालवायचा आणि शेजारच्या घरातून तळलेल्या बांगड्याचा वास यायचा.

भोपाळचं काय, असं विचारणाऱ्यांना

हा प्रश्न मला घरात विचारला गेला आणि त्याला टाळणं बरोबर नाही. १९८४ च्या वायुगळतीवर १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली, आणि ती वाढवून मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. तिथल्या माणसाला आपली दुखापत सिद्ध करत वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं लागलं. न्यूयॉर्कच्या कायद्यात आजारांची यादी आधी केली आणि रुग्णाला एकेकट्याने झगडायला लावलं नाही. भोपाळच्या लोकांना तेवढंच मिळायला हवं होतं, त्यांचं दुःख काही कमी नव्हतं. पण म्हणून इथल्या माणसाने आपला हक्काचा अर्ज भरू नये, हे मला पटत नाही.

दादाची शस्त्रक्रिया झाली, आयोडीन झालं. हेल्थ प्रोग्रामने सर्व्हायव्हर म्हणून त्याचं नाव घेतलंय, आता एकदाच न्यूयॉर्कला जायचं आहे, व्हिसाची तारीख मिळाली आहे. फंडातली नोंदणी आम्ही त्याआधीच करून ठेवली. दुसरं शपथपत्र बाकी होतं. दादाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी आता नाशिकला असतो. परवा त्याला फोन लावला, तर त्याने आधी दादाची तब्येत विचारली आणि मग जरा थांबून म्हणाला, "माझ्याही मानेत एक गाठ आहे, दाखवली नाही अजून." दादाने त्याला तिथल्या तिथे सोनोग्राफीची तारीख घ्यायला लावली, शपथपत्राचं तो विसरूनच गेला.