गंगापूर रोडवरील रॉक श्रवणसत्र : रविशंकरांपासून सुरू होणारी मैफल

गंगापूर रोडवरील एका लहानशा कॅफेमध्ये रॉक संगीताच्या इतिहासातील गाजलेल्या मैफली ऐकवण्याचा उपक्रम सुरू आहे. त्यातील साठ-सत्तरच्या दशकांवरील सत्र नाशिकच्या संगीतप्रेमींनी आवर्जून ऐकावे, कारण त्याची मांडणी विलक्षण विचारपूर्वक केलेली आहे.

२५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलन यांनी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा टाळ्यांबरोबर पारंपरिक लोकसंगीताच्या चाहत्यांचे निषेधाचे आवाजही उठले. ३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्स या ब्रिटिश बँडने लंडनमध्ये आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटे वादन केले. या दोन प्रसंगांची ध्वनिमुद्रणे सत्रात आधी ऐकल्यामुळे १ ऑगस्ट १९७१ च्या न्यूयॉर्कमधील मैफलीत तीच माणसे नव्याने भेटतात : बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, गच्चीवर कीबोर्डची साथ करणारे बिली प्रेस्टन आणि या वेळी अकूस्टिक (विजेविना वाजणारी) गिटार घेऊन आलेले डिलन.

बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून हॅरिसन यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही मैफल घडवली, आणि त्या दिवशीच्या दोन प्रयोगांना मिळून सुमारे ४०,००० श्रोते आले. या मैफलीच्या तीन एलपींच्या (ध्वनिमुद्रिकांच्या) संचातील पहिली बाजू रॉकप्रेमी बहुधा ओलांडून पुढे जातात. येथे मात्र ती अखंड ऐकवली जाते. वाद्ये सुरात लावून होताच टाळ्यांचा कडकडाट होतो आणि रविशंकर अत्यंत सौम्यपणे म्हणतात की, वाद्ये लावणेच एवढे आवडले असेल तर वादन अधिक आवडेल. त्यानंतर अली अकबर खाँ यांचा सरोद आणि अल्लारखाँ यांचा तबला यांसह रंगत जाणारी धून टर्नटेबलवर ऐकताना, एरवी रॉककडे न वळणारे शास्त्रीय संगीताचे श्रोतेही तल्लीन झालेले मी पाहिले.

ध्वनियोजनेत मात्र सुधारणा हवी. खर्जाचा आवाज इतका वाढवलेला असतो की डग्ग्याचे बोल स्पष्ट कळत नाहीत. निवेदक जाणकार आहेत, परंतु गाणे सुरू झाल्यावरही ते बोलत राहतात, आणि डिलन यांच्या गायनाच्या वेळी हे फार खटकले. कॉफी उत्तम आहे. मागच्या टेबलांवर रस्त्यावरील वर्दळ ऐकू येते, त्यामुळे थोडे लवकर जाऊन पुढची जागा घ्यावी.