घरचं लग्न शरदात: दिवाळीआधी की तुळशीच्या लग्नानंतर?

पन्नास-साठ माणसं, दारात मांडव, अंगणात पंगत आणि जोडीचे फोटो मागच्या शेतात किंवा नदीच्या घाटावर. एवढं ठरलं की घोडं अडतं ते तारखेवर. आश्विन-कार्तिक दोन्ही शरदाचेच महिने, पण दसरा ते दिवाळीचं लग्न आणि तुळशीच्या लग्नानंतरचं लग्न यांत बराच फरक पडतो.

घरात मुहूर्त मानणारी वडीलधारी असतील तर निम्मा निर्णय झालेलाच आहे. चातुर्मासात लग्नं टाळतात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लागली की मग माणसांची. काढीव मुहूर्त मिळतात, पण "एवढी काय घाई होती?" हे पुढे वर्षभर ऐकायची तयारी हवी. नोंदणी पद्धतीने करणाऱ्यांना ऑक्टोबर मोकळा आहे. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस लागते, तेव्हा सप्टेंबरातच कामाला लागा. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्यांना कार्यालयापासून वाजवी अंतरावर बोलावण्याची सोय याच कायद्यात आहे. आपलं घर त्यात बसतं का, ते आधी विचारून घ्या.

नुसत्या फोटोंचा विचार केला तर ऑक्टोबर देखणा. डोंगर हिरवे, ओढ्याला पाणी, कोकणात पिवळी पडलेली भातं. पण दुपारच्या उकाड्यात शालू नेसलेल्या नवरीचे हाल होतात, आणि परतीचा पाऊस गाठतो तो बहुधा चारच्या सुमाराला, म्हणजे ऐन फोटोच्या वेळी. नोव्हेंबर अखेरीला गवत वाळलेलं, कोकणात भात कापून खाचरं मोकळी. देशावर मात्र रब्बीची ज्वारी हिरवी असते. हवा कोरडी, त्यामुळे मेकअप टिकतो. अवकाळी पाऊस येऊ शकतो, पण रोजची धास्ती नाही.

माझ्या मते महिन्यापेक्षा मुहूर्ताची वेळ महत्त्वाची, आणि तिकडे फारसं कुणी पाहत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. गोरज मुहूर्त घेतलात तर सगळ्यात सुंदर उजेड अंतरपाट धरण्यात आणि मंगलाष्टकांत जातो. अक्षता पडेपर्यंत अंधार. मग फोटो चार ते सव्वापाचमध्ये, लग्नाआधीच उरकावे लागतात, आणि अक्षता पडण्याआधी नवरा-नवरीने एकत्र फिरणं काही घरांत चालत नाही. सकाळचा मुहूर्त असेल तर लग्न, होम, पंगत उरकून दोघं तासभर आडवी होतात, साडी बदलतात आणि साडेचारला निवांत बाहेर पडतात. गोरजाचा थाट वेगळा, हे कबूल. पण बाहेरचे फोटो हवेच असतील तर मी सकाळच घेईन.

मांडवाच्या कापडाकडेही लक्ष द्या. हिरव्या शेडनेटखाली सगळे आजारी दिसतात आणि लाल-पिवळ्या कापडाचा रंग चेहऱ्यांवर उतरतो. पांढरं कापड सांगा. ऑक्टोबरात वर ताडपत्री घालावीच लागते आणि तिच्याखाली भर दुपारी दिवे लावायची वेळ येते. हा मुद्दा मी नोव्हेंबरच्या पारड्यात टाकतो.

माणसं मिळण्यात मात्र ऑक्टोबर सरस. तुळशीच्या लग्नानंतर गुरुजी, आचारी, फोटोग्राफर सगळ्यांच्याच तारखा भरतात आणि छोट्या लग्नाला नकार आधी मिळतो. झेंडूचं उलटं: दसरा-दिवाळीला भाव चढलेला असतो.

मुहूर्ताचा आग्रह नसेल आणि घर कोकणात असेल, तर भात कापायच्या आधीचा ऑक्टोबर घ्या आणि पडवी फोटोंसाठी रिकामी ठेवा; पाऊस आला तरी काम अडत नाही. बाकीच्यांनी तुळशीच्या लग्नानंतरची सकाळ धरावी. फोटोग्राफरला मात्र गणपतीच्या आतच विसार द्या, आणि तो देताना स्वतः येणार की माणूस पाठवणार, हे विचारून घ्या.