पॉवर्ड यूएसबी हब : पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

सात पोर्टचा, स्वतःचा ॲडॅप्टर असलेला (म्हणजे पॉवर्ड) यूएसबी हब, एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी छोटी पेटी, मागच्या मे महिन्यात घेतला. तेव्हापासून तो रोज चालू आहे. मत आधीच सांगते. घरच्या डेस्कटॉपला एक्स्टर्नल हार्ड डिस्क, स्कॅनर, वेबकॅम असं सगळं एकदम लावायचं असेल तर पॉवर्ड हब घ्याच. पण पोर्ट गेले म्हणून हब घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा आणि ते का बंद पडतायत हे आधी शोधा. आमच्याकडे एकाच वेळी तीन कारणं होती. हबने त्यातलं एकच सोडवलं.

आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. मी घरूनच जीएसटीची कामं करते. कंपन्यांच्या कामाला डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं, आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायच्या घाईत टोकन स्क्रीनवर दिसेनासं झालं की काय होतं ते या कामातल्या माणसालाच कळेल. कधी टोकन गायब, कधी प्रिंटर, कधी हार्ड डिस्क लावली की नुसती टकटक आणि 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असा मेसेज. दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "वहिनी, मदरबोर्ड गेलाय, बदलून टाका." तोच मदरबोर्ड आजही व्यवस्थित चालतोय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पहिल्या कारणाची खूण अशी होती की संध्याकाळी कॉम्प्युटर शट डाउन करून सकाळी चालू केला तरी पोर्ट बंदच, पण रीस्टार्ट केलं की चालू. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही. ड्रायव्हरची, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते, बिघाडासकट. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने लोड होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं. मी फास्ट स्टार्टअप काढूनच टाकलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या (हा कॉम्प्युटरच्या आतलाच) पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकली. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही, म्हणजे वापरात नसलेलं उपकरण झोपवणारं सेटिंग, बंद केलं. टोकनचं गायब होणं तिथेच थांबलं, एक पैसाही न खर्चता.

दोष विंडोजचा की हार्डवेअरचा हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा आणि संशय असलेल्या पोर्टला कीबोर्ड लावा. तिथे चालला तर पोर्ट जिवंत आहे, आधी विंडोजकडे बघा. आणि डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करण्याचा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण ते केल्यावर माउस-कीबोर्डही बंद पडू शकतात. उघडलेली कामं आधी सेव्ह करा. अडलंच तर कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबा. बहुतेक कॉम्प्युटर त्यावर रीतसर बंद होतात आणि परत चालू केलं की ड्रायव्हर आपोआप बसतात.

दुसरं कारण सापडलं ते टॉर्चच्या उजेडात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये माउस चालायचा, हार्ड डिस्क चालत नव्हती. यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. आमच्या पोर्टमध्ये कडेच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता. खाडीची खारट, दमट हवा, दुसरं काय! माउसला लागणारा करंट इतका कमी की तेवढा त्या थरातूनही जायचा. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागली की मागणी वाढायची, व्होल्टेज पडायचं आणि डिस्क टकटक करून गप्प बसायची. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पातळ ब्रशने हळूच साफ केलं, पूर्ण वाळू दिलं. बराच फरक पडला. पिन किंवा सुई मात्र आत घालू नका, पट्टी वाकली की पोर्ट कायमचा गेला.

आता तिसरं कारण, ज्याला हबच लागतो. नियमाप्रमाणे यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, ३.० चा ९००. ॲडॅप्टर नसलेला स्वस्तातला हब लावला तर त्याच्यावरच्या सगळ्या उपकरणांना मिळून एका पोर्टचीच वीज वाटून घ्यावी लागते. लेकाची व्हिडिओची हार्ड डिस्क आणि माझा स्कॅनर त्यात एकत्र बसणं शक्यच नव्हतं. नव्या हबला ५ व्होल्ट, ४ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर आहे, म्हणजे एकूण २० वॉट. तो आल्यापासून टकटक नाही, पॉवर सर्जचा मेसेज नाही. प्रत्येक पोर्टला वेगळं बटण आहे, ते मला सगळ्यात आवडलं. स्कॅनर लागेल तेव्हाच चालू करते.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. वायरलेस माउसचा डोंगल (त्याचा छोटा रिसीव्हर) हबवर हार्ड डिस्कच्या शेजारी लावला की पॉइंटर अडखळतो. हा आमच्या हबचाच दोष नाही. यूएसबी ३.० चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि असे माउसही त्याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला आणि प्रश्न मिटला. टोकनही मी हबवर ठेवत नाही, मागच्या पोर्टला थेट लावते. स्लीपमधून उठल्यावर हबवरचं टोकन दिसायला वेळ लागायचा, आणि तारखेच्या दिवशी तेवढा वेळ कोणाकडे आहे?

सगळ्यात महत्त्वाचं विजेचं. आमच्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे, हबचा ॲडॅप्टर मात्र आधी भिंतीच्या सॉकेटला होता. पावसाळ्यात एकदा लाइट गेले तेव्हा कॉम्प्युटर चालू राहिला आणि हार्ड डिस्कचं कनेक्शन मध्येच तुटलं. फाइल कॉपी होत असताना हे झालं तर डेटा खराब होऊ शकतो. हबचा ॲडॅप्टर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटलाच लावा. काही यूपीएसमध्ये सगळी सॉकेट बॅटरीवर नसतात, तेवढं बघून घ्या.

आणि ॲडॅप्टर अदलाबदल होऊ देऊ नका. वाय-फाय राउटरचा ॲडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची गोल पिन हबलाही बसू शकते. ५ व्होल्टच्या हबला तो लागला तर हब आणि त्यावरची उपकरणं दोन्ही जळू शकतात. आमच्याकडे दोन्ही ॲडॅप्टर टेबलामागे शेजारी शेजारी लटकतात, म्हणून चिकटपट्टीवर मार्करने 'हब ५' आणि 'राउटर १२' लिहून चिकटवलंय. लेकालाही तेव्हाच दाखवून ठेवलं.

किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात. वायर आखूड आहे, निळे दिवे रात्री डोळ्यांवर येतात. कंपनीचं नाव देत नाही, कारण असे हब अनेक नावांनी मिळतात. ॲडॅप्टरचे व्होल्ट-ॲम्पिअर आणि पोर्टची वेगळी बटणं एवढं बघून घ्या.

मागचे पोर्ट बायोसमध्येही मेलेले असतील तर हबचा उपयोग नाही. तिथे मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्स्प्रेसचं यूएसबी कार्ड लागतं. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, ऑनलाइनही मिळतं. घेताना पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा कनेक्टर असलेलंच घ्या, नाहीतर हार्ड डिस्क लावल्यावर परत तीच टकटक ऐकायला मिळेल.