मिंट, उबुंटू, फेडोरा की डेबियन? मुक्तस्रोत डेस्कटॉप निवडण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्यांच्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा ज्यांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांच्यासमोर चांगले चालणारे यंत्र मोडीत काढावे की त्यावर लिनक्स ही मुक्तस्रोत (स्रोत सर्वांना खुला असलेली) कार्यप्रणाली बसवावी, असा प्रश्न उभा राहिला. लिनक्स बसवायचे ठरले तरी कोणते, हे उरतेच. नावे पुष्कळ असली, तरी रोजच्या कामासाठी विचारात घ्यावेत असे पर्याय मोजके आहेत. म्हणून येथे मिंट, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांचीच प्रामुख्याने तुलना केली आहे.

पुष्कळ जण स्क्रीनशॉट पाहून निवड करतात, आणि ते मला पटत नाही. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई यांसारखी डेस्कटॉप वातावरणे (खिडक्या, मेनू आणि दर्शनी मांडणी पुरवणारी सॉफ्टवेअर) या चारही प्रणालींवर बसवता येतात, त्यामुळे दर्शनी रूप नंतरही बदलता येते. नवी आवृत्ती किती महिन्यांनी येते आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट किती काळ मिळतात, हे मात्र आपल्या हातात राहत नाही. त्यामुळे पहिली पारख याच बाबतीत व्हावी.

उबुंटूची दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. उबुंटू प्रो या वाढीव सेवेची नोंदणी वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत असून तिच्यामुळे ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढते. मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने आधार असतो, म्हणून सर्वसाधारण वापरकर्त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटू एलटीएसवरच उभी आहे; २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि तिला तीन वर्षे पूर्ण व पुढे दोन वर्षे मर्यादित आधार असतो. फेडोराची चाल याहून वेगळी आहे: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिनेच आधार मिळतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी मोठे अद्ययावतीकरण करावेच लागते. ते सहसा विनाअडथळा पार पडते. तरीही घरातील वडीलधाऱ्यांच्या किंवा क्वचितच हाताळल्या जाणाऱ्या संगणकावर मी फेडोरा बसवणार नाही.

यंत्र नवे असेल, तर हेच पारडे फिरते. नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपचे वायफाय किंवा ग्राफिक्स चालण्यासाठी नवे कर्नल (यंत्राचे भाग हाताळणारा प्रणालीचा गाभा) लागते आणि ते फेडोरावर सर्वांत लवकर मिळते. उबुंटू एलटीएसवरही मुदतीच्या पहिल्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने नवी कर्नल येतात, त्यामुळे एलटीएस म्हणजे जुनाट हा समज अर्धवट आहे. डेबियनचे मूळ कर्नल मात्र त्या आवृत्तीच्या आयुष्यभर त्याच मालिकेत राहते. पडद्यांचा मुद्दाही येथेच येतो. लॅपटॉपचा पडदा अतिशय दाट पिक्सेलांचा आणि जोडलेला मॉनिटर साधा असेल, तर दोन्हींवर अक्षरांचा आकार वेगवेगळा ठेवावा लागतो. ही सोय वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या ग्नोम व प्लाझ्मामध्ये चांगली आहे, तर एक्स११ या जुन्या व्यवस्थेवरील सिनॅमनमध्ये, म्हणजे मिंटच्या मुख्य डेस्कटॉपमध्ये, ती तोकडी पडते. याउलट चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मला सर्वांत योग्य वाटते. ३२-बिट प्रोसेसरवर मात्र डेबियन १३ देखील नव्याने बसवता येत नाही.

सॉफ्टवेअर मिळण्याच्या पद्धतीतही ठळक फरक आहे. उबुंटूमध्ये फायरफॉक्ससारखी काही सॉफ्टवेअर स्नॅप पॅकेजच्या (लागणारे सर्व भाग सोबत आणणाऱ्या गठ्ठ्याच्या) रूपात येतात. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवले असून फायरफॉक्स नेहमीच्या डेब पॅकेजमध्ये दिला आहे आणि फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या प्रकाराची सोय सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच केली आहे. मला मिंटची व्यवस्था अधिक सुटसुटीत वाटते. फेडोरा पेटंटच्या कारणांमुळे काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ चालवण्यासाठी लागणारे घटक) देत नाही. ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-भांडारातून आणावे लागतात. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा स्वामित्वाधीन ड्रायव्हर बसवणे मिंट आणि उबुंटूमध्ये एका खिडकीतून होते.

डेबियनविषयी एक गोष्ट बारकाईने सांगणे आवश्यक आहे. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, वायफायसाठी लागणारे बंदिस्त (स्रोत खुला नसलेले) फर्मवेअर, म्हणजे त्या भागाचे अंतर्गत सॉफ्टवेअर, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असते, त्यामुळे जुनी मोठी अडचण दूर झाली आहे. परंतु बसवताना रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याला पासवर्ड दिला, तर आपले नेहमीचे खाते सुडो गटात (प्रशासकाचे अधिकार वापरू शकणाऱ्या खात्यांत) जात नाही, आणि पुढे साधे पॅकेज बसवतानाही परवानगी नाकारली जाते. रूटच्या पासवर्डचा रकाना रिकामा सोडला की आपल्या खात्याला आपोआप सुडोचे अधिकार मिळतात.

काही बिघडले तर मागे कसे फिरायचे, हा प्रश्न तुलनेत बहुधा राहून जातो. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे प्रणालीचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती) घेणारे साधन आधीपासून असते आणि स्वागताची खिडकीच ते चालू करण्याची आठवण करते. अपडेटमुळे पडदा काळा राहिला, तर पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आधीचा स्नॅपशॉट परत आणता येतो. मात्र टाइमशिफ्ट केवळ प्रणाली जपते. होम फोल्डरातील कागदपत्रे आणि छायाचित्रे ते मुळात वगळते, म्हणून त्यांचा बॅकअप स्वतंत्रपणे, दुसऱ्या डिस्कवर घ्यायलाच हवा. फेडोरा बीटीआरएफएस ही स्नॅपशॉट घेऊ शकणारी फाइल व्यवस्था वापरत असली तरी स्नॅपशॉटची मांडणी स्वतः करावी लागते. याबाबतीत ओपनसुसे टंबलवीड हा लिनक्सचा आणखी एक प्रकार सर्वांच्या पुढे आहे, कारण तेथे प्रत्येक अपडेटच्या आधी व नंतर आपोआप स्नॅपशॉट घेतला जातो आणि तो बूट मेनूतूनच उघडता येतो. सतत बदलत राहणारी प्रणाली हवी असेल, तर आर्च या तशाच दुसऱ्या लिनक्सपेक्षा मी टंबलवीडचीच शिफारस करेन. प्रत्येक भाग स्वतः जोडत शिकायची हौस असेल, तर मात्र आर्च उत्तम.

नवख्याने मिंटपासून, नव्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने फेडोरापासून, आणि वर्षानुवर्षे एकाच रीतीने चालणारे यंत्र हवे असणाऱ्याने डेबियनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. उबुंटू एलटीएसची बाजू बळकट होते ती अन्य कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमुळे, कारण लिनक्ससाठी काही द्यायचे झाले की पुष्कळ कंपन्या प्रथम उबुंटूचीच चाचणी घेतात. निवड कोणतीही असो, डिस्कला हात लावण्यापूर्वी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लिनक्स न बसवता थेट चालवणाऱ्या) यंत्र सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा, बाहेरचा पडदा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते की नाही, हे तपासावे. आणि काम फोटोशॉपवर किंवा लिनक्स नाकारणाऱ्या अँटी-चीट (खेळातील फसवणूक रोखणाऱ्या) प्रणालीच्या खेळांवर अवलंबून असेल, तर विंडोज काढून टाकू नये. लिनक्स वेगळ्या डिस्कवर बसवावे.