शकुंतलेच्या मॉडेलला दिवे आणि शिटी: कोणतं किट घ्यावं

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची नॅरोगेज रेल्वे, म्हणजे शकुंतला, लेगोच्या ठोकळ्यांत बांधायची तर १९९४पर्यंत धावलेलं वाफेचं इंजिनच बांधावं. दिवे आणि आवाज त्यालाच शोभतात. पुढचा मोठा दिवा, भट्टीतला तांबडा उजेड, केबिनमधला पिवळसर बल्ब आणि शिटी, एवढं झालं की गाडी जिवंत वाटते. बाजारात दोन तऱ्हेची किट मिळतात: नुसत्या दिव्यांची, आणि दिवे, रिमोट, आवाज असं सगळं एकत्र असलेली. खेड्यातल्या घरासाठी आमचा कौल पहिल्या किटला आहे. आवाज वेगळा बसवावा.

कारण सरळ आहे. आवाजवाल्या किटमधला आवाज बहुधा चिपमध्येच भरून येतो आणि बदलता येत नाही. त्याचा स्पीकरही लहानसा, त्यामुळे शिटी किरकिरी लागते. शिवाय अशी किट एखाद्या ठरावीक सेटच्या मापाने केलेली असतात. स्वतः रचलेल्या इंजिनात त्यांच्या वायरी कुठे अपुऱ्या पडतात, कुठे हातभर उरतात. साध्या किटमध्ये सुटे एलईडी, दोन पिनांचे इवलेसे कनेक्टर आणि सगळ्या दिव्यांना वीज वाटणारा सहा किंवा आठ जागांचा वाटप-बोर्ड असतो. हवं तिथे हवा तेवढा दिवा लावता येतो.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान वायर चिरडल्याने होतं. लेगोचा स्टड, म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, ४.८ मिमी रुंद आणि दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमी. म्हणजे मधे ३.२ मिमीची गल्ली उरते. वायर त्या गल्लीतूनच न्यायची, स्टडच्या डोक्यावरून कधीच नाही. वरचा ठोकळा टक्कन बसला नाही, एका बाजूने किंचित उचललेला राहिला, तर जोर न लावता काढून पाहावं. दाबलं की आतली तार तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. मग दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि दोष शोधायला अर्धं इंजिन उकलावं लागतं. कनेक्टर एकाच बाजूने बसतो. सहज गेला नाही तर उलटा करून बघा. काढताना प्लॅस्टिकचं टोक चिमट्याने धरा, वायर ओढू नका. आणि प्रत्येक एलईडी बसवण्याआधी बोर्डाला लावून पेटवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

आता वीज. विदर्भात किटची खरी परीक्षा इथे होते. एक एलईडी साधारण ५ मिलिअँपिअर घेतो असं धरलं तर दहा दिव्यांचे ५० होतात. बटण-सेल सीआर२०३२ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे कागदावर चार तास. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण एवढा भार सतत ओढायला तो सेल केलेलाच नाही. तीन पेन्सिल सेलांचा डबा उत्तम, अल्कलाइन सेल असतील तर ४० तासांच्या आसपास जातात. रिचार्जेबल सेल मात्र १.२ व्होल्टचे. तिघांचे मिळून ३.६ व्होल्टच होतात. तांबडे दिवे नीट लागतात, पांढरे मंद पडतात. लाइन गेल्यावर पॉवर बँक लावण्याचा मोह होतो, पण इतक्या कमी भारावर बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. तो किटचा दोष नव्हे. कमी करंटची सोय असलेली पॉवर बँक घ्यावी, नाहीतर इन्व्हर्टरच्या प्लगवर मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावावा.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हे मेमरी कार्डावरचा आवाज वाजवणारं इवलंसं मॉड्यूल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाला सोल्डरिंगही करून देईल. मॉड्यूल जेमतेम २१ मिमी चौरस, म्हणजे आत ३×३ स्टडची मोकळी जागा पुरते. ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायचं. फाइली हव्या त्या क्रमाने एकेक करून कॉपी करायच्या, कारण साधारणपणे कॉपीच्या क्रमानेच त्या वाजतात. आठ ओहमचा, ३ वॉटच्या आतला स्पीकर एसपीके१ आणि एसपीके२ या पिनांना. यातली कुठलीही पिन ग्राउंडला, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला, जोडायची नाही, मॉड्यूल जाऊ शकतं. आयओ२ ही पिन आणि ग्राउंडच्या मधे बटण लावलं की थोडं दाबल्यावर पुढची फाइल आणि दाबून धरल्यावर आवाज वाढतो. २८ मिमीचा स्पीकर ४×४ स्टडमध्ये बसतो. कोळशाच्या डब्यात तोंड खाली करून ठेवावा आणि मागची बाजू ठोकळ्यांनी बंद करावी. पेटी बंद झाली की आवाजाला भरीवपणा येतो.

शिटी वाजताना दिवे लुकलुकले किंवा स्पीकर घुंघुंला, तर मॉड्यूलच्या व्हीसीसी (वीज आत येण्याची धन पिन) आणि ग्राउंडवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. धन-ऋण टोकं नीट बघून. त्याने गेलं नाही तर दोष चार्जरचा. संध्याकाळी शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज उतरतं आणि स्वस्त चार्जर तेव्हाच कुरकुर करतात.

किटसोबत येणाऱ्या दुहेरी टेपवर भिस्त ठेवू नका. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ती सुटते. बोर्ड लेगोच्या दोन चपट्या प्लेटांच्या मधे कोंडून बसवा. फेविक्विकने ठोकळे पांढरट होऊन कायमचे चिकटतात, अॅसिटोनने विरघळतात, म्हणून दोन्ही लांब ठेवा. सोल्डरचे उघडे जोड पावसाळ्यात हिरवे पडतात. बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर जोडावर लावून वाळवावा आणि मगच वायर आत सारावी. छप्पर बसवण्याआधी अर्धा तास सगळं चालू ठेवून बघावं. मॉड्यूल हाताला चटका देण्याइतकं तापलं, तर जोडणीत चूक आहे.